तिकीट खिडकीपासून वीस हजार किलोमीटरवर

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसतं. घाईघाईत चाललेलं कुणीतरी मध्येच थांबतं, मोबाईलकडे बघतं आणि गर्दीच्या उलट दिशेने मागे फिरतं. काही हरवलेलं नसतं. तिकीट काढताना मोबाईलने सांगितलेलं असतं, की तुम्ही स्टेशनच्या हद्दीत आहात, इथून तिकीट निघणार नाही. मग ती व्यक्ती रिक्षा स्टँडपर्यंत जाते, तिथे उभं राहून तिकीट काढते आणि पुन्हा पुलाकडे धावते. तोवर आठ-सतरा निघून गेलेली असते.

या हद्दीमागे माणसाच्या स्वभावाची गोष्ट आहे. मुंबईत मोबाईलवरून लोकलचं तिकीट काढायची सोय २०१४ च्या डिसेंबरात सुरू झाली. तेव्हा ते तिकीट स्टेशनातल्या यंत्रावर छापून घ्यावं लागे. २०१५ मध्ये कागदाची अट गेली आणि मोबाईलचा पडदा हेच तिकीट झालं. पण मग समोरून टीसी येताना दिसला, की खिशातून मोबाईल काढून दोन क्षणांत तिकीट काढणं कुणालाही जमलं असतं. म्हणून रेल्वेने रुळांभोवती एक कुंपण घातलं. कुंपणाच्या आत तिकीट निघत नाही. पूर्वी स्टेशनपासून ठरावीक अंतराच्या पलीकडूनही ते निघत नसे. ती बाहेरची मर्यादा २०२४ मध्ये उठली, आतली मात्र कायम आहे.

या कुंपणाला खांब नाहीत, तारा नाहीत. आपण त्याच्या आत आहोत की बाहेर, हे ज्यांच्यामुळे कळतं ते उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. ठाणे ते कल्याण हे अंतर रुळांवरून वीस किलोमीटर. त्याच्या हजारपट उंचावरून आलेल्या खबरीवर डोंबिवलीतला एक माणूस पुलाच्या कुठल्या बाजूला उभा आहे हे ठरतं. मला या गोष्टीचं नवल आजही सरत नाही.

बहुतेकांना वाटतं, उपग्रह आपल्याला बघतो. तसं काही होत नाही. जीपीएसच्या उपग्रहाला आपण आहोत याचा पत्ताही नसतो आणि आपला मोबाईल त्याला काही कळवत नाही. उपग्रह अखंड एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. मोबाईल ते ऐकतो आणि निरोप पोहोचायला किती वेळ लागला ते काढतो. आषाढात वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली याचा अंदाज बांधतो, तसाच हा हिशेब. फरक एवढाच, की इथे निरोप प्रकाशाच्या वेगाने येतो. वीस हजार किलोमीटर पार करायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो.

आणि तो येतो किती क्षीण होऊन! एका वॅटचे एक अब्ज भाग करा, त्यातला एक भाग घ्या आणि त्याचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी, त्याच्या आसपासची शक्ती आपल्या मोबाईलपर्यंत पोहोचते. आजूबाजूच्या विद्युत गोंगाटात हा आवाज पार बुडालेला असतो. पण प्रत्येक उपग्रह आपली एक ठरलेली सांकेतिक मालिका पुन्हा पुन्हा म्हणत असतो आणि ती मोबाईलला पाठ असते. गोंगाटावरून ती मालिका सरकवत सरकवत नेली, की कुठेतरी ती चपखल बसते. ती जिथे बसते, तिथून वेळ कळते.

सगळा खेळ वेळेचा आहे. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर तीनशे मीटरने चुकतं. म्हणजे प्लॅटफॉर्मवर उभा असलेला माणूस नकाशावर फडके रोडला जाऊन पोहोचेल. उपग्रहांमध्ये सीझियम आणि रुबिडियमची आण्विक घड्याळं असतात, त्यांचा प्रश्न नाही. मोबाईलमध्ये मात्र साधा स्वस्त क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याच्या भरवशावर हे गणित कसं जमायचं? उत्तर फार सुंदर आहे. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरतात, पण मोबाईल चौथ्याचंही ऐकतो. चार निरोप एकमेकांशी जुळवताना आपलं घड्याळ किती चुकलंय हेही त्याला कळतं आणि तो ती चूक हिशेबातून वजा करतो. खिशातलं स्वस्त घड्याळ त्या क्षणापुरतं आण्विक घड्याळाच्या तोलाचं होतं.

याच्याही आधी आणखी एक चूक दुरुस्त करावी लागली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे उपग्रह ताशी सुमारे १४,००० किलोमीटर वेगाने फिरतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वेगात असलेलं घड्याळ मंद चालतं. त्यामुळे उपग्रहातलं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. पण त्या उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तेच घड्याळ दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढेही जातं. वजाबाकी केली, की ते रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. दुरुस्ती केली नाही, तर उपग्रहापासूनचं अंतर मोजताना दिवसाला सुमारे ११ किलोमीटरची चूक साचत जाईल. ठाण्याहून दिवा स्टेशन ओलांडून जाण्याएवढी.

१९७७ साली एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह सोडला, तेव्हा काही अभियंत्यांना हे पटत नव्हतं. म्हणून दुरुस्तीची यंत्रणा उपग्रहात बसवली, पण ती बंद ठेवली. वीस दिवस घड्याळ मोकळं चालू दिलं. ते जवळजवळ तेवढंच पुढे गेलं, जेवढं आइन्स्टाइनच्या समीकरणांनी सांगितलं होतं. तेव्हापासून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित मंद लावली जातात, म्हणजे वर गेल्यावर ती बरोबर चालतात. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने १९०५ साली सुरू केलेला आणि दहा वर्षांनी पूर्णत्वाला नेलेला हा विचार आज डोंबिवलीच्या पुलावर तिकिटाचा निर्णय करतो आहे.

घड्याळाची ही सत्ता या भागात रेल्वेनेच आणली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. पुढच्या वर्षी खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोहोचले. तोवर ठाण्यातल्या मासुंदा तलावाकाठच्या माणसाचं काम सूर्य आणि देवळातली घंटा यांवर भागत होतं. मिनिटाशी त्याचा संबंध आला तो गाडीमुळे. तोही सरळ आला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे आणि गावं मुंबईच्या वेळेवर, म्हणजे दोन घड्याळांत अर्ध्या तासाचं अंतर. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तीही मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. मुंबई शहराने आपली जुनी वेळ सोडायला १९५५ साल उजाडलं. आज याच रुळांवर माणसं गाडीला तिच्या मिनिटाने हाक मारतात. सात-बेचाळीस, आठ-सतरा. गाडीचं दुसरं नावच कुणाला ठाऊक नसतं.

पुलावर अडकलेल्या माणसासाठी रेल्वेने आणखी एक वाट काढली. स्टेशनात लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून हद्दीच्या आतूनही तिकीट काढायची. पत्र्याच्या छपराखाली आणि उंच इमारतींच्या सांदीत उपग्रहाचे निरोप आपटून, वळसा घालून येतात आणि जागा चुकते. अशा वेळी हा चौकोन मदतीला यावा, ही कल्पना. हाच चौकोन स्टेशनबाहेर पडल्यावर नारळवाल्याच्या गाडीवर, रिक्षाच्या पाठीवर, गजरेवालीच्या टोपलीला लटकलेला दिसतो. मी तो नीट न्याहाळला एका पोळी-भाजी केंद्रात. ठाणे-डोंबिवलीत संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या कितीतरी घरांचा स्वयंपाक या केंद्रांवर चालतो. काउंटरवर चिकटवलेल्या त्या कागदाचा एक कोपरा तेलाने पारदर्शक झाला होता, मधोमध कणकेचा अंगठा उमटलेला होता, आणि तरी प्रत्येक मोबाईल तो एका क्षणात वाचत होता.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. गो हा सोंगट्यांचा खेळ खेळताना त्यांना ती काळ्या-पांढऱ्या घरांची रचना सुचली. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला सांगतात, की कोड इथे आहे आणि या बाजूने वाचायचा. त्या चौकोनाच्या मध्यातून आडवी रेघ मारली, की काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा हे पट्टे १:१:३:१:१ या प्रमाणात येतात. हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने छापील मासिकं, पत्रकं, खोकी तपासून हे प्रमाण शोधलं, कारण इतर छपाईत ते सर्वात कमी सापडत होतं. म्हणून बाजूला मेनूकार्ड असो की देवाचं कॅलेंडर, मोबाईल गोंधळत नाही.

आणि तेलाचा डाग? त्याची तजवीज १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी करून ठेवली होती. मूळ माहितीसोबत काही जादा चिन्हं अशा रीतीने गुंफायची, की काही भाग पुसला गेला तरी उरलेल्यावरून समीकरणं सोडवून तो परत मिळवता येतो. कोड कुठल्या पातळीचा छापला आहे त्यावर ७ ते ३० टक्के खराबी पचते. व्हॉयेजर यानाने युरेनस आणि नेपच्यूनची छायाचित्रं पाठवली, तेव्हाही याच गणिताचा आधार होता. पोळी-भाजी केंद्रातला कणकेचा अंगठा आणि नेपच्यूनकडून येणाऱ्या निरोपातली खरखर, दोन्हींवर उतारा एकच. डेन्सो वेव्हने पेटंट घेतलं, पण वापरासाठी पैसे मागितले नाहीत. ते मागितले असते, तर हा चौकोन गजरेवालीच्या टोपलीपर्यंत पोहोचलाच नसता, असं मला ठामपणे वाटतं.

हा चौकोन स्कॅन करून पैसे देता येतात ते यूपीआयमुळे. ते २०१६ मध्ये मुंबईतच सुरू झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यावरून एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. मला या आकड्यापेक्षा मोठं वाटतं ते दुसरंच. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंच्या चाळीस रुपयांची आता बँकेत नोंद होते, आणि खातं त्यांच्या नावावर असेल तर ते पैसे थेट त्यांच्याच हाती येतात. गल्ल्यातली रोकड संध्याकाळी घरातलं कुणीही उचलू शकतं. खात्यातली रक्कम उचलायला मात्र त्यांचा पिन लागतो. घराघरांतला हा बदल कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही, आणि मी त्याला फार मोठा मानतो.

कल्याण-डोंबिवलीला या वाटेची ओळख जुनी आहे. इथल्या महापालिकेने २००० सालाच्या सुमारास कर, दाखले, तक्रारी संगणकावर आणून नागरी सुविधा केंद्र उभं केलं आणि राज्यातल्या इतर पालिकांसाठी ते उदाहरण ठरलं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं केंद्राच्या स्मार्ट सिटी यादीत आली ती २०१६ मध्ये, बरीच नंतर.

आता पुन्हा प्लॅटफॉर्मवर जाऊ. माणूस कुठे उभा आहे हे उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत कळतं. गाडी कुठे आहे हे कसं कळतं?

प्रवाशांनी याचं उत्तर आपल्या परीने शोधलं. २०१० मध्ये सचिन टेके यांनी एम-इंडिकेटर हे ॲप आणलं आणि वेळापत्रक प्रत्येकाच्या खिशात आलं. पुढे त्यातल्या गप्पांमधून प्रवासीच एकमेकांना खबर देऊ लागले, की गाडी ठाकुर्लीला थांबलीय, कळव्याला रखडलीय. २०२२ मध्ये मध्य रेल्वेच्या यात्री ॲपवर लोकल नकाशावर सरकताना दिसू लागली. पण सिग्नल देणारी यंत्रणा या ॲपकडे बघत नाही. तिची स्वतःची नजर आहे आणि ती दीडशे वर्षं जुनी आहे.

१८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ही युक्ती काढली. रुळांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात सौम्य वीज सोडायची. ती एका रुळातून जाऊन दुसऱ्या टोकाच्या रिलेला जागं ठेवते आणि सिग्नल हिरवा राहतो. गाडी आली, की तिची पोलादी चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज मधूनच परत फिरते, रिले पडतो, सिग्नल लाल. यातला शहाणपणा बघा. तार तुटली, रूळ तडकला, वीज गेली, तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. यंत्रणा चुकलीच, तर गाडी थांबवण्याच्या बाजूने चुकते.

पावसाळ्यात आपण ऐकतो त्या 'सिग्नल यंत्रणेत बिघाड' या घोषणेचं एक मोठं कारण इथेच आहे. पाणी खडीवर आणि रुळांवर चढलं, की वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपते. यंत्रणेला वाटतं, इथे गाडी उभी आहे. समोर रूळ मोकळे असतात आणि सिग्नल लाल. प्रवासी चिडतात, ते स्वाभाविक आहे. पण तो लाल दिवा त्यांना जपत असतो. अनेक ठिकाणी आता रुळाच्या तुकड्यात शिरणारे आणि बाहेर पडणारे आस मोजणारी यंत्रं बसवली आहेत. शंभर शिरले आणि शंभर निघाले, की तुकडा मोकळा.

पण दोन्ही पद्धतींची मर्यादा सारखीच आहे. तुकडा भरलेला आहे एवढंच कळतं; त्या काही शे मीटरमध्ये गाडी नेमकी कुठे आहे आणि किती वेगात आहे, हे कळत नाही. म्हणून मागच्या गाडीला पुरेसे तुकडे रिकामे ठेवून थांबावं लागतं आणि दोन गाड्यांमध्ये तीन-चार मिनिटं जातात. मध्य रेल्वे उपनगरी मार्गांवर दिवसाला अठराशेच्या आसपास फेऱ्या चालवते. सकाळच्या वेळी या रुळांवर आणखी गाडी घुसवायला जागा उरत नाही.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडले. काही दगावले. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा झाली, आणि दारं हवीतच. पण माणूस दाराला लटकतो, कारण आत जागा नसते. त्याच्या मोबाईलवर तिकीट असतं, गाडी नकाशावर सरकताना दिसत असते, आणि पाय ठेवायला चार बोटं फळी मिळत नाही. आपल्या भागातल्या तंत्रज्ञानाची खरी कसोटी मला इथे दिसते.

यावरही उपाय माणसाने शोधून ठेवला आहे. गाडीने आपली जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत राहायचं, आणि मागच्या गाडीने आपल्या ब्रेकच्या अंतराएवढीच फारकत राखायची. मग तुकड्यांची गरज उरत नाही, सुरक्षित अंतर गाडीबरोबर पुढे सरकत राहतं. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी-३ए या मुंबईच्या वाहतूक प्रकल्पात मुंबईच्या लोकलसाठी अशी यंत्रणा धरली होती. २०२५ मध्ये त्याऐवजी रेल्वेच्या कवच या देशी सुरक्षा यंत्रणेची नवी आवृत्ती आणण्याची घोषणा झाली. आरे ते कफ परेड धावणारी मेट्रो-३ अशाच रेडिओ यंत्रणेवर चालते. मेट्रोचं काम तुलनेने सोपं आहे, तिच्या रुळांवर एकाच जातीच्या गाड्या असतात. कल्याणमधून लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. म्हणून या गाड्या वेगळ्या करणारी ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका महत्त्वाची होती, ती २०२२ मध्ये सुरू झाली. कल्याण यार्डाची फेररचना तितकीच महत्त्वाची आहे. आणि दिवा स्टेशनचं रेल्वे फाटक उघडं राहिलं म्हणून लोकल खोळंबतात, तिथे कुठलाही उपग्रह कामाचा नाही. तिथे पूलच हवा.

एक मागणी तिकीट खिडकीसाठीही आहे. मोबाईलची बॅटरी संपली की तिकीटही संपतं, आणि ज्या आजींकडे साधा फोन आहे त्यांना क्यूआर उपयोगाचा नाही. मोबाईलवरची तिकिटं वाढली म्हणून खिडक्या कमी करू नयेत. उलट रांग आखूड झाल्याचा फायदा सगळ्यात आधी या आजींना मिळायला हवा.

आणि ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याणच्या प्रवाशांनी आपल्या खासदार-आमदारांना नव्या ॲपबद्दल विचारण्याआधी तीन तारखा विचाराव्यात: या मार्गावर नवी सिग्नल यंत्रणा कधी, कल्याण यार्ड कधी पूर्ण, दिव्याचा पूल कधी. तारखा लेखी मागाव्यात.